ठसे नव्हते तेव्हाचे तपास: ऐतिहासिक रहस्यकादंबरी कुठून आली?

बोटांच्या ठशांचं कार्यालय कलकत्त्यात १८९७ साली सुरू झालं, लंडनच्या स्कॉटलंड यार्डात १९०१ साली. त्याआधी खुनी शोधायचा तर हाताशी काय होतं? साक्षीदार, कबुलीजबाब, गावगप्पा आणि एखाद्याची तल्लख नजर. ऐतिहासिक रहस्यकादंबरी या अडचणीवर उभी असते. मशाली आणि अंगरखे कुणीही आणू शकतो. खरी कसोटी ही की तो गुन्हा उचलून दुसऱ्या काळात ठेवता येतो का. येत असेल, तर इतिहास नुसता पडद्यावर रंगवलेला आहे.

अमेरिकेत मेल्विल डेव्हिसन पोस्ट यांनी १९११ पासून जुन्या व्हर्जिनियातल्या अंकल ॲबनरच्या कथा लिहिल्या, त्या या वाटेवरची सुरुवातीची पावलं. पण पूर्ण कादंबरी प्राचीन काळात नेण्याचं धाडस अगाथा ख्रिस्तीबाईंनी केलं. इजिप्तचे अभ्यासक स्टीफन ग्लॅनव्हिल यांनी त्यांना गळ घातली आणि १९४४ मध्ये ‘डेथ कम्स ॲज दि एंड’ आली. आधार होता हेकानख्त नावाच्या शेतमालकाच्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या पत्रांचा. हा गृहस्थ परगावाहून घरच्यांना धान्याचा हिशेब विचारतो आणि आपल्या नव्या बायकोला नीट वागवत नाहीत म्हणून झापतो. घरातला खून रचायला एवढं पुरेसं होतं! माणसं काय खात, बायका-पुरुष एकत्र जेवत का, अशा प्रश्नांनी बाईंनी ग्लॅनव्हिलना हैराण केलं. शेवट मात्र त्यांच्या आग्रहाखातर बदलला आणि त्याची चुटपुट बाईंना पुढे लागून राहिली.

माझ्या मते या प्रकाराला खरा कणा दिला तो रॉबर्ट व्हान गुलिक या डच मुत्सद्द्याने. त्याने अठराव्या शतकातली एक चिनी गुन्हेकथा इंग्रजीत आणली आणि १९४९ साली टोकियोत स्वतःच छापली. तिचा नायक न्यायाधीश दी हा सातव्या शतकातल्या तांग राजवटीतला खराखुरा अधिकारी, दी रेनजिए. चीन-जपानच्या लेखकांनी आपला हा जुना वारसा पुन्हा हाती घ्यावा अशी गुलिकची इच्छा होती. कुणी पुढे येईना, तेव्हा तो स्वतःच लिहायला बसला. त्याच्या कादंबऱ्यांत कायदाच रहस्याचं यंत्र चालवतो. दंडाधिकारी तपासही करतो आणि निवाडाही, आणि आरोपीच्या कबुलीशिवाय शिक्षा होत नाही. त्यामुळे खुनी कोण हे कळून भागत नाही, त्याच्या तोंडून ते वदवावं लागतं. जुन्या चिनी कथांत गुन्हेगार बहुधा आरंभीच कळतो आणि भुतंही साक्षीला येतात. गुलिकने ओळख शेवटपर्यंत झाकली आणि भुतांना जवळपास रजा दिली. चित्रं आणि चालीरीती मात्र त्याने बऱ्याचदा मिंग काळातल्या घेतल्या, म्हणजे कित्येक शतकं नंतरच्या. जुन्या चिनी कादंबरीकारांचीही हीच खोड होती, म्हणून माफ.

प्रकाशकांनी या प्रकाराला वेगळं कपाट दिलं ते एलिस पीटर्स यांच्यामुळे. १९७७ च्या ‘अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स’मध्ये श्रूजबरी मठाचे साधू संत विनिफ्रेडच्या अस्थी आणायला वेल्समध्ये जातात. बाराव्या शतकात त्या अस्थी खरोखरच आणल्या गेल्या होत्या. त्यांच्यातला तपास करणारा साधू ब्रदर कॅडफेल क्रूसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धात, लढून आलेला, आता औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा. म्हणून जखम आणि विष दोन्ही त्याला वाचता येतात. बाहेर स्टीफन आणि मॉड यांचं इंग्लंडच्या गादीसाठीचं युद्ध पेटलेलं, त्यामुळे न्याय कुणाच्या नावाने मागायचा हाच प्रश्न. वीस कादंबऱ्या झाल्या. नव्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी.

उंबेर्तो इकोच्या ‘द नेम ऑफ द रोझ’पासून (मूळ इटालियन, १९८०) करू नये. १३२७ सालच्या मठातली ती कादंबरी थोर आहे, पण पहिली शंभर पानं वाद, पंथ आणि लॅटिन यांनी गच्च भरलेली. ती कापायचा सल्ला इकोने नाकारला. वाचकाने तेवढं प्रायश्चित्त घ्यावं, असं त्याचं म्हणणं. तिच्या यशाने मात्र दारं सताड उघडली. लिंडसे डेव्हिस आणि स्टीव्हन सेलर रोममध्ये गेले, बोरिस अकुनिन झारच्या मॉस्कोत. सी. जे. सॅन्समच्या ‘डिसोल्यूशन’मध्ये (२००३) इंग्लंडचा राजा आठवा हेन्री मठ बंद पाडत असताना एका मठात राजाचा माणूस मारला जातो. तिथे तपास करणारा वकील शार्डलेक स्वतः त्या बंद पाडणाऱ्या सत्तेचाच नोकर. कॅडफेलपेक्षा कितीतरी कडवट, आणि मला जास्त आवडणारा.

सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) १९२१ च्या मुंबईत घडते. तीन विधवा पडद्यात राहतात, त्यांच्या संपत्तीच्या कागदांवर शंका आहे, आणि पुरुष वकिलाला आत प्रवेश नाही. आत जाऊ शकते ती परवीन मिस्त्री, वडिलांच्या कचेरीत काम करणारी पारशी वकील. या पात्रामागची प्रेरणा नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आहेत. त्यांनी ऑक्सफर्डला कायदा शिकून पडदानशीन स्त्रियांसाठी सल्लागार म्हणून काम केलं होतं. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ चा, म्हणून परवीन घरात शिरू शकते पण कोर्टात उभी राहू शकत नाही. पुढच्या ‘द सातपूर मूनस्टोन’मध्ये हीच सोय-गैरसोय तिला सह्याद्रीतल्या एका संस्थानाच्या राजवाड्यात घेऊन जाते.