होमब्रू शक्ती

होमब्रू शक्ती : टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग (म्हणजे पात्रे वठवण्याच्या) खेळांतील अशी अलौकिक शक्ती, की जी छापील नियमपुस्तकात नाही आणि खेळाडूने किंवा गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्या पंचाने) स्वतः रचलेली आहे. मंत्र, अतिमानवी सामर्थ्य, मनःशक्ती, वर, शाप हे सगळे प्रकार तीत येतात. ‘होमब्रू’ हा शब्द मूळचा घरी गाळलेल्या बिअरचा. असलेला नियम बदलला तर तो ‘हाउस रूल’ आणि नियमांच्या चौकटीत नवी चीज घातली तर ती ‘होमब्रू’, असा भेद जाणकार करतात. व्यवहारात तो फारसा पाळला जात नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (पुढे डी अँड डी) या अमेरिकी खेळाच्या परंपरेचा विचार केला आहे.

या खेळांतील ‘स्पेल’साठी मराठीत ‘मंत्र’ हा शब्द रूढ असला, तरी तो थोडा फसवा आहे. आपल्याकडचा मंत्र शब्दप्रधान असतो आणि पुरश्चरणाने सिद्ध होतो. डी अँड डीमधील स्पेलचे उच्चार, हस्तमुद्रा व द्रव्य असे तीन घटक मानलेले आहेत आणि एखाद्या स्पेलला तिन्ही लागतात, एखाद्याला एकच पुरतो. तोंडात बोळा कोंबला की उच्चार गेला, हात बांधले की मुद्रा गेली, पिशवी हिसकावली की द्रव्य गेले. नवी शक्ती रचणारा प्रथम हे घटक ठरवतो, कारण ती शक्ती कुठे अडवता येईल हे त्यांवरून ठरते.

उगम : खेळाडूंनी स्वतः मंत्र रचण्याची प्रथा केव्हा सुरू झाली, हा प्रश्न या खेळांतील जादूच्या उगमाशी जोडलेला आहे, आणि तो उगम वादग्रस्त आहे. जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० मधील ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकात जादूगार मोजकेच मंत्र डोक्यात साठवतो आणि म्हटलेला मंत्र स्मृतीतून पुसला जातो. डी अँड डीची जादू याच कल्पनेवर उभी आहे, असे खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स यांनी १९७६ मधील एका लेखात सांगितले आणि पुढेही हे ऋण मान्य केले. वेक्ना या खेळातील कुप्रसिद्ध मृत जादूगाराचे नाव व्हान्स या नावातील अक्षरे उलटसुलट करून बनले आहे.

दुसरे कर्ते डेव्ह आर्नेसन यांचे चित्र वेगळे आहे. मिनेसोटातील त्यांचा ‘ब्लॅकमूर’ हा खेळ साधारणपणे १९७० ते १९७१ च्या सुमारास सुरू झाला असे मानतात. त्यातील जादू पाककृतीसारखी होती. सामग्री जमवायची, मिश्रण करायचे आणि ते वापरायचे, असा तिचा क्रम. एखादा दुर्मिळ घटक संपला की ती शक्तीही थांबे. हे वर्णन आर्नेसन यांच्या १९७७ मधील प्रकाशनात आले आहे, म्हणजे डी अँड डी छापून आल्यानंतर तीन वर्षांनी. त्यामुळे त्यातील आठवण किती आणि नंतरचा विचार किती, हे जपूनच बोलावे लागते.

तिसरा धागा युद्धखेळांचा. गायगॅक्स व जेफ पेरन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन लढायांच्या नियमावलीला अद्भुत लढायांची पुरवणी जोडलेली होती. तिच्यात जादूगार अग्निगोळा किंवा वीज फेकतो. अग्निगोळ्याची व्याप्ती मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतकी आणि विजेची व्याप्ती अवजड मैदानी तोफेइतकी धरली आहे. थोडक्यात, हा जादूगार म्हणजे झगा घातलेला तोफखाना. जॉन पीटरसन या अभ्यासकाने २०१६ मध्ये याच्याही मागचा दुवा पुढे आणला. लेनर्ड पॅट या न्यू इंग्लंडमधील खेळाडूने टॉल्किनच्या कादंबऱ्यांतील मिडल अर्थच्या लढायांसाठी लिहिलेले आणि १९७० मध्ये छापलेले छोटेखानी नियम त्यांनी निदर्शनास आणले. त्यातही अग्निगोळा फेकणारा जादूगार आहे. चेनमेलची पुरवणी त्यावरून घेतली असावी, हे आता बहुतेक अभ्यासकांना पटलेले दिसते.

मंत्र विसरण्याची पद्धत व्हान्सची, याबद्दल फारसे दुमत नाही. पण नवे मंत्र रचण्याची मुभा व्हान्सकडून आली असे म्हणणे कठीण आहे. त्याच्या जगात जादू ही प्राचीनांची सरत आलेली शिल्लक आहे. हजारांपैकी शंभराच्या आसपास मंत्र उरले आहेत आणि जादूगार ते शोधत, एकमेकांपासून चोरत फिरतात. डी अँड डीतील संशोधनाच्या नियमाला मात्र खर्च, मुदत आणि यशाची टक्केवारी आहे, आणि तो वाचताना मोहिमेच्या हिशेबवहीची आठवण होते. म्हणून या प्रथेचा पाया युद्धखेळांच्या टेबलावर शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९७४ चा नियम : डी अँड डीचा पहिला संच जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथून निघाला. तीन पुस्तिका असलेल्या या संचाच्या एक हजार प्रती काढल्या होत्या. होमब्रू म्हणजे नियमाबाहेरची हौस, असा समज पुढे रुजला. पण या संचातच जादूगाराला नवा मंत्र शोधण्याची तरतूद आहे. मंत्राची पातळी म्हणजे त्याच्या ताकदीची पायरी. पहिल्या पातळीच्या मंत्रासाठी पायाभूत खर्च २,००० सुवर्णमुद्रा, आणि दर पातळीला तो दुप्पट होत सहाव्या पातळीला ६४,०००. पायाभूत रकमेइतका प्रत्येक खर्च यशाची २० टक्के शक्यता देतो आणि हे टक्के साठत जातात. म्हणजे पहिल्या पातळीच्या मंत्रावर १०,००० मुद्रा ओतल्या की यश निश्चित. मुदत दर पातळीस एक आठवडा. तयार झालेला मंत्र इतरांना शिकवायचा की स्वतःपुरता ठेवायचा, हे शोधणाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे.

नियमात किंमत आहे, वेळ आहे. मंत्र नेमका कोणत्या पातळीचा, हे कसे ठरवायचे ते मात्र नाही. ते काम रेफरीवर, म्हणजे गेममास्टरवर, टाकले आहे, आणि पुढच्या पन्नास वर्षांतील होमब्रूचे बहुतेक तंटे या मोकळ्या जागेतून निघाले आहेत.

या प्रथेच्या खुणा अधिकृत यादीतही राहिल्या. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने मंत्रांची यादी वाढवली, १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ने मनःशक्ती आणल्या. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत टेन्सर, ड्रॉमिज, बिग्बी अशा जादूगारांच्या नावाचे मंत्र आढळतात. ही नावे गायगॅक्स यांच्या टेबलावरच्या मंडळींची. टेन्सर हे त्यांचा मुलगा अर्नेस्ट याचे पात्र, नाव ‘अर्नेस्ट’मधील अक्षरांची फिरवाफिरव. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड हे नाव उलटे वाचलेले. गंमत अशी, की घरच्या मंडळींची नावे अशी छापणाऱ्या गायगॅक्स यांचाच याच सुमारास सर्वत्र एकसारखे नियम असावेत असा आग्रह वाढत गेला. वेगवेगळ्या गावांतील खेळाडू स्पर्धेला एकत्र आले की प्रत्येकाचे घरचे मंत्र ही डोकेदुखी ठरे.

रचना व तोल : डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील डंजन मास्टरच्या (म्हणजे गेममास्टरच्या) पुस्तकात नव्या मंत्रासाठी इजेचे कोष्टक दिले आहे. दुसऱ्या पातळीच्या मंत्राने एका लक्ष्यावर तीन दहाबाजू फासे, तिसऱ्या पातळीच्या मंत्राने अनेकांवर सहा सहाबाजू फासे, असे ते चढत जाते. मंत्र चुकवण्यासाठी लक्ष्याने टाकलेला बचावाचा फासा यशस्वी झाल्यास निम्मी इजा होते, हे त्यात गृहीत धरले आहे. बचाव झाल्यावर काहीच इजा होणार नसेल तर आकडा २५ टक्के वाढवता येतो. हे कोष्टक छापील मंत्रांना लावले तर खुद्द अग्निगोळाच नापास होतो. तो तिसऱ्या पातळीचा असून आठ सहाबाजू फासे देतो, म्हणजे सरासरी २१ ऐवजी २८. चेनमेलपासून चालत आलेल्या या मंत्राला वडीलकीचा मान म्हणून सूट मिळाली असावी. तरीही ‘माझा मंत्र अग्निगोळ्याइतकाच तर आहे’ हा युक्तिवाद अनुभवी गेममास्टर ऐकून घेत नाही.

पण होमब्रू शक्ती बिघडते ती सहसा आकड्यांत नव्हे, शब्दांत. उदाहरणादाखल ‘सावलीखिळा’ नावाचा दुसऱ्या पातळीचा मंत्र घेऊ. द्रव्य एक गंजका खिळा, पल्ला ९० फूट, एकाग्रता (मंत्र टिकवण्यासाठी लक्ष लावून ठेवण्याची मुदत) एक मिनिट. परिणाम : लक्ष्याची सावली जमिनीला खिळते, शहाणपण या गुणावरचा बचावाचा फासा फसला तर त्याचा वेग शून्य होतो, प्रकाश गेला की मंत्र सुटतो. याच पातळीचा ‘होल्ड पर्सन’ माणसासारख्या प्राण्याला पूर्ण लुळा करतो. त्यापुढे नुसते पाय अडवणारा सावलीखिळा सौम्यच वाटतो, आणि प्रकाशाची अट तर देखणी आहे.

आता लक्ष्य उडते आहे असे समजा. पाचव्या आवृत्तीत उडणाऱ्या प्राण्याचा वेग शून्य झाला की, तो जागच्या जागी तरंगणारा नसेल किंवा जादूने तोललेला नसेल तर, खाली कोसळतो. दर दहा फुटांना एक सहाबाजू फासा इजा. डोक्यावर ९० फुटांवर असलेला ड्रॅगन पडला तर नऊ फासे, सरासरी साडेएकतीस. कोष्टकाप्रमाणे या पातळीला सरासरी साडेसोळा, २५ टक्के वाढ धरूनही एकवीसच्या आतच. शिवाय ड्रॅगन आडवा झाला आणि अजून खिळलेलाच आहे. मंत्रात ‘इजा’ हा शब्द कुठेही नसताना तो त्याच्या पातळीचा सर्वांत घातक मंत्र बनला. ‘अर्थबाइंड’ हा दुसऱ्या पातळीचाच छापील मंत्र उडणाऱ्याला खाली आणतो. तो दर फेरीला ६० फूट, सुरक्षितपणे उतरवतो. तसे एक वाक्य घातले की सावलीखिळा ताळ्यावर येतो.

आपल्या पुराणांतील वरांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही तऱ्हा परकी वाटू नये. हिरण्यकशिपूने वर मागताना कलमे चोख घातली होती. नरसिंहाने उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नखांनी ती सगळी पाळून त्याला मारले. भस्मासुराच्या वरात ‘स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला तर’ एवढेच कलम राहिले होते. खेळात पळवाट शोधणारा खेळाडू असतो आणि गेममास्टर शंकराच्या जागी. वर देऊन बसल्यावर धावण्याची पाळी त्याच्यावर येते, एवढाच फरक.

अन्य पद्धती : काही खेळांनी घरगुती रचना हाच मूळ नियम केला. ‘चॅम्पियन्स’ (१९८१) या सुपरहिरोंच्या खेळात तयार शक्ती निवडण्याऐवजी परिणाम गुणांनी विकत घ्यायचा असतो. ज्वाला, बर्फ की विजेचा लोळ हे वर्णन फुकट; पैसे पडतात ते परिणामाचे. पुढील आवृत्त्यांतील हिशेब असा : आठ फाशांचा मारा ४० गुणांना. तो हिसकावून घेता येईल अशा उघड साधनातूनच करता येतो, या मर्यादेचे मोल एक धरतात. म्हणून ४० ला एक अधिक एक, म्हणजे दोनाने भागायचे आणि शक्ती २० गुणांत मिळते. जी मर्यादा खेळात कधी आडवी येत नाही तिची सूट द्यायची नाही, हा दंडक त्यासोबत येतो.

जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हागेन यांचा ‘आर्स मॅजिका’ (१९८७) व्याकरणातून जातो. त्यात पाच लॅटिन क्रियापदे व दहा नामे आहेत. त्यांच्या ५० जोड्यांतून कोणताही मंत्र घडतो. ‘क्रेओ’ म्हणजे मी निर्माण करतो, ‘इग्नेम’ म्हणजे अग्नीला. नामे द्वितीया विभक्तीत आहेत हे लक्षात घेतले की जोडी आपोआप वाक्य होते. आयत्या वेळी रचलेला मंत्रही चालतो, फक्त ताकद घटते : थकवा पत्करला तर निम्मी, न पत्करला तर पाचव्या हिश्श्यावर. या पद्धतीत ‘होमब्रू’ हा शब्दच निरर्थक ठरतो. सर्व पद्धतींत ही सर्वांत डौलदार आहे. तिचा प्रसार मात्र डी अँड डीच्या मानाने मर्यादित राहिला.

हक्क व नावे : तिसऱ्या आवृत्तीबरोबर २००० मध्ये आलेल्या खुल्या परवान्याने इतरांना नियमांच्या आधारे स्वतःच्या शक्ती छापून विकण्याची वाट मोकळी झाली. २०१६ पासून प्रकाशकाच्या संमतीने चालणाऱ्या एका ऑनलाइन पेठेत रचनाकाराला विक्रीचा निम्मा वाटा मिळू लागला. जानेवारी २०२३ मध्ये परवाना आवळण्याचा मसुदा फुटला आणि खेळाडूंत मोठा गदारोळ झाला. २७ जानेवारीला प्रकाशकाने माघार घेत मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. या दस्तऐवजात मंत्र आहेत, पण जादूगारांची नावे गाळलेली आहेत. मेल्फचा आम्लबाण तिथे नुसता आम्लबाण आहे, ड्रॉमिजचे तत्काळ आवाहन नुसते तत्काळ आवाहन, आणि टेन्सरची तरंगती तबकडी नुसती तरंगती तबकडी.