रिंगणातील वाघ-सिंह आणि पावलाचे अंतर

जुन्या सर्कशीत रिंगमास्टरने हंटर फटकारला, की सिंह गुरगुरत स्टुलावर चढत असे आणि माणसाच्या धाकापुढे पशू नमला, असे तंबूतल्या प्रेक्षकांना वाटत असे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर (१९०८–१९९२) यांना मात्र त्या दृश्यात धाकापेक्षा अंतराचा हिशेब अधिक दिसला. बर्न, बाझल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे प्रमुख राहिलेल्या हेडिगर यांनी प्राण्याभोवतीच्या दोन अंतरांचे वर्णन केले. शत्रू पहिल्या अंतराच्या आत आला, की प्राणी दूर सरकतो. हे पलायनाचे अंतर. दुसरे त्याहून बरेच कमी असते, आणि पळायला वाट उरली नसताना शत्रू त्याच्या आत शिरला, तर तोच भेदरलेला प्राणी उलटून हल्ला करतो.

सगळा खेळ या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात चालत असे. शिक्षक एक पाऊल पुढे टाकी, तसा सिंह मागे सरके. पाठ गजांना टेकल्यावरही शिक्षक आणखी पुढे आला, की सिंह उलटून त्याच्याकडे येऊ लागे. पण दोघांच्या मध्ये स्टूल ठेवलेले असल्यामुळे त्याला त्यावरूनच यावे लागे. तो स्टुलावर चढला, की नेमक्या त्याच क्षणी शिक्षक मागे हटे, हल्ल्याचे कारणच नाहीसे होई आणि सिंह तिथेच थांबे. लांब हंटर आणि काठी यांचा खरा उपयोग मारण्यापेक्षा हात लांबवण्याचा होता. हे अंतर प्रत्येक जनावराचे वेगळे असते आणि एकाच जनावराचेही रोज सारखे राहत नाही, म्हणून मागे दबलेले कान किंवा शेपटीचा झटका वेळीच ओळखण्यावर शिक्षकाचा जीव अवलंबून असे.

नुसत्या भीतीने शिकवण्याला मर्यादा आहेत. समाधान देणारी कृती प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्याआधीच जर्मनीतील हॅम्बुर्गचे प्राण्यांचे व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी मारझोड टाळून, स्वभाव पारखून प्राणी निवडण्याची आणि योग्य हालचालीला मांसाचा तुकडा देण्याची पद्धत रूढ केली होती. भेदरलेला प्राणी मुख्यतः टाळायला शिकतो; बक्षीस मिळणारा प्राणी मात्र काय केले असता फळ मिळते, हे शोधू लागतो.

भारतात विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत सर्कशीचा पाया घातला. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे पुढे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचले आणि बिबटे, काळे बिबटे, प्यूमा (अमेरिकेतील एक मोठे रानमांजर) अशा निरनिराळ्या जातींचे मिश्र गट खेळवण्यासाठी नावाजले गेले. मला हे कसब एकट्या सिंहाला खेळवण्यापेक्षा मोठे वाटते, कारण तिथे माणूस आणि जनावर यांच्यातील अंतरासोबत जनावराजनावरांतील अंतरही सांभाळावे लागते. प्रत्येकाचे स्टूल ठरलेले असते, ते त्यासाठीच.

मात्र खेळ संपल्यावर जनावर जिथे परत जाई, त्या गाडीवरच्या पिंजऱ्यात दूर सरकायला जागाच नसे. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की निसर्गात ज्या मांसभक्षकांचा वावर विस्तीर्ण असतो, ते बंदिवासात अधिक येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लेही अधिक दगावतात. सर्कशीत ही उणीव भरून काढणे कोणत्याही प्रेमळ शिक्षकाला शक्य नव्हते. म्हणूनच वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर केंद्र सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली, हे मला योग्यच वाटते.

त्या शिक्षकांचे ज्ञान मात्र वाया गेलेले नाही. आज अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघाला जाळीशी येऊन शेपटी बाहेर देण्यास मांसाच्या बक्षिसावर शिकवतात आणि भूल न देता त्याचे रक्त तपासणीसाठी घेतात. तिथे रक्षक जाळीबाहेर उभा असतो, वाघाच्या मागे मोकळी जागा असते आणि नकोसे वाटले तर तो उठून निघून जाऊ शकतो.