नव्या गाडीचं रनिंग-इन आणि ‘हजारचं ऑईल’: सीमाभागातल्या एका वादाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नवी कार दारात आली, चाकाखाली लिंबू चिरडलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘हजारला ऑईल बदलणार ना?’ शोरूमवाले म्हणतात गरज नाही, दहा हजार किलोमीटरला या. ओळखीचा मेस्त्री म्हणतो, बदलाच, आणि टाकताना जरा जाड टाका. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, त्यामुळे तो दोन्ही गावांत विचारून येतो आणि जास्तच गोंधळतो. दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर इंजिनं वेगळी असतात.

मेस्त्रीच्या डोळ्यांसमोर रिबोअर केलेलं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून रुंद केलेलं इंजिन असतं. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात नवी कार ही गल्लीत एखाद्याकडेच यायची. रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून रुळवणं, शिकायला मिळालं ते जुन्या इंजिनांवर. वडापच्या (प्रवासी भरून नेणाऱ्या) जीपा, टेंपो, उसाचे ट्रॅक्टर यांचं ‘इंजिन काम’ दर काही वर्षांनी निघायचंच. उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉपची वस्ती असल्यामुळे बोअर वाढवणं, लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) बसवणं, क्रँक ग्राइंड करणं ही कामं गावातच व्हायची. वीस साईझ, चाळीस साईझ, साठ साईझ असे इंचाच्या हजाराव्या भागांतले ओव्हरसाईझ पिस्टन मिळायचे आणि साठ झालं की लायनर. गाळप नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे पावसाळ्यात ट्रॅक्टर उघडून ठेवलेले दिसायचे.

बोअर केल्यावर होनिंगच्या दगडानं आतल्या भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी काढतात. त्या रेघांत ऑईल टिकतं आणि रेघांची टोकं घासत घासत पिस्टनच्या रिंगा आपली जागा करून घेतात. ‘रिंगा बसल्या’ म्हणतात ते हेच. पण होनिंगनंतर त्या रेघांत दगडाची बारीक पूड अडकून राहते. चांगला मेस्त्री बोअर साबण आणि गरम पाण्यानं घासून धुवायचा, पांढरं फडकं फिरवायचा आणि फडकं काळं निघालं तर पुन्हा धुवायचा. घाईतला माणूस रॉकेल मारून मोकळा व्हायचा. रॉकेलनं तेलकटपणा जातो, पूड जात नाही. ती पूड पहिल्या काही तासांत ऑईलमध्ये उतरते आणि बेअरिंगपर्यंत जाते. अशा इंजिनाचं पहिलं ऑईल पाचशे-हजार किलोमीटरला काढणं ही अंधश्रद्धा नव्हती. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा) नट काढला की ऑईलमध्ये चमचम दिसायची आणि गिऱ्हाईकाला ती दाखवली की पुढचं बोलायची गरज पडत नसे.

सावकाश चालवण्याचा नियम मात्र बाहेरून आला. ब्रिटिश गाड्यांच्या हँडबुकात पहिल्या पाचशे मैलांसाठी वेगाची मर्यादा असायची, आणि अँबॅसिडर मूळची ब्रिटिशच. मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ची चिठ्ठी लावायची पद्धत तिथलीच. इकडे येईपर्यंत त्या नियमातलं अर्धं गळून गेलं. हँडबुकांचा रोख इंजिनावर ताण येऊ नये यावर होता; इकडे उरलं ते ‘चाळीसच्या वर नेऊ नको’. मग चाळीसच्या वेगात टॉप गिअर टाकून इंजिन दबक्या आवाजात ढकलत न्यायची सवय लागली. त्याहून वाईट म्हणजे रिबोअरनंतर इंजिन रात्रभर स्लोवर, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं चालू, सोडून रिंगा बसवायचा प्रकार. रिंग बोअरला घट्ट दाबली जाते ती तिच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबामुळे, आणि स्लोवर तो दाब नसल्यात जमा. रिंगा बसण्याऐवजी बोअरवर ऑईलचा गुळगुळीत थर भाजला जातो आणि इंजिन जन्मभर ऑईल खातं. नुसत्या रिकाम्या ट्रॉलीवर फिरवलेले ट्रॅक्टर उसाच्या पहिल्याच खेपेला निळा धूर का मारायचे, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असायचं. या बाबतीत नव्या कारवाल्यांचं दैव चांगलं होतं. गाडी आधी जोतिबाला किंवा सौंदत्तीच्या डोंगरावर न्यायची पद्धत असल्यामुळे चढ, उतार, बदलता वेग आणि मध्यम लोड हे सगळं देवदर्शनातच होऊन जायचं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि खरा बदल सुरू झाला. कारखान्यातली होनिंग दोन टप्प्यांत होऊ लागली: आधी खोल रेघा, मग त्यांची टोकं छाटून सपाट करणं. जे काम पूर्वी गिऱ्हाईक पहिल्या हजार किलोमीटरमध्ये करायचा, त्याचा मोठा भाग मशीनवरच उरकू लागला. सिलिंडर ब्लॉक धुण्यासाठी उच्च दाबाच्या वॉशिंग लाईन आल्या. मॅन्युअलमधल्या सूचना आखडत गेल्या: पहिले हजार किलोमीटर वेग एकसारखा ठेवू नका, पूर्ण थ्रॉटल देऊ नका, वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबू नका, ओढकाम करू नका.

याच प्रवासात कंपन्यांनी तो निर्णय घेतला ज्यावर आजही चहा थंड होतो. पहिल्या सर्व्हिसला ऑईल बदलणं बंद झालं. आज अनेक पेट्रोल गाड्यांना हजारला नुसती तपासणी, पाच हजारला पुन्हा तपासणी आणि पहिलं ऑईल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. कंपन्यांचा युक्तिवाद असा: झीज कमी झाली, ऑईल सुधारलं, फिल्टर साधारण २० ते ३० मायक्रॉनच्या वरचे कण पकडतो आणि लवकर बदलणं म्हणजे वाया. काही उत्पादक तर कारखान्यात भरलेलं ऑईल लवकर काढूच नका असं सांगतात, कारण त्यात आणि जुळणीच्या वेळी लावलेल्या वंगणात सुरुवातीच्या झिजेसाठी खास घटक असतात.

दुसरी बाजूही पोकळ नाही. नव्या इंजिनाचं पहिलं ऑईल प्रयोगशाळेत तपासलं की लोखंड, तांबं आणि सीलंटमधलं सिलिकॉन नंतरच्या ऑईलपेक्षा ठळक जास्त दिसतं. फिल्टरच्या जाळीपेक्षा बारीक कण फिरत राहतात, हेही खरं. त्यांनी इंजिनाचं आयुष्य किती घटतं, हा प्रश्न. आणि लाखभर किलोमीटर धडधाकट चाललेली, वेळापत्रकाप्रमाणेच ऑईल बदललेली इंजिनं शोरूमवाल्याच्या बाजूनं उभी आहेत. तरी एक गोष्ट लपत नाही. दहा हजारचा आकडा छापला की गाडी सांभाळायचा खर्च कागदावर कमी दिसतो आणि विक्रीच्या बोलण्यात तो कामाला येतो. वॉरंटी संपल्यानंतरच्या इंजिनाची काळजी गाडी दोन लाख किलोमीटरपर्यंत वापरणाऱ्यालाच करायची असते, आणि सीमाभागात गाड्या तेवढ्या वापरल्या जातात. तीन-साडेतीन लिटर ऑईल आणि एक फिल्टर, म्हणजे टाकीभर पेट्रोलच्या आसपासचा खर्च. मेस्त्रीचा सल्ला ऐकणाऱ्याला वेड्यात काढण्यासारखं त्यात काही नाही. ऑईल त्याच ग्रेडचं हवं, एवढंच.

गोंधळात भर घातली ती मोटरसायकलींनी. त्याच घरातल्या बाईकचं ऑईल पहिल्याच सर्व्हिसला काढतात, मग कारचं का नाही? बाईकमध्ये जेमतेम लिटरभर ऑईल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना पुरवायचं असतं, आणि गिअर व क्लचची सगळी पूड त्यातच पडते. कारच्या गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं. हा फरक शोरूममध्ये कुणी सांगत नाही, म्हणून बाईकचा न्याय कारला लागतो.

आता जाडीचं. ‘चाळीस नंबर’ हे सीमाभागातलं जुनं परिमाण. अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संघटनेनं जाडीचे नंबर १९११ मध्ये आणले, थंडीसाठीचे डब्ल्यूवाले आणि मग थंड-गरम दोन्हींसाठीचे मल्टिग्रेड त्यानंतर. आपल्याकडे २०डब्ल्यू-४० बराच काळ सर्वांना चाललं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वंगणाचा बाजार खुला झाला, परदेशी कंपन्यांचे डबे दुकानात आले, तरी मेस्त्रीचा हात चाळीसकडेच जायचा. गाडी जुनी, बोअर सैल, जाड ऑईल घातलं की आवाज आणि धूर कमी. अनुभव चुकीचा नव्हता. पण २०१३ मध्ये जाडीच्या यादीत १६ हा नवा आकडा आला, २०१७ पासून भारतात कंपन्यांना सरासरी इंधनवापराची मर्यादा लागू झाली, आणि गाड्या ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० करत ०डब्ल्यू-१६ पर्यंत पातळ झाल्या. १०० अंशाला चाळीस नंबरची जाडी किमान १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) असते, सोळा नंबरची ६.१ ते ८.२. ज्याच्या डोक्यात चाळीस नंबर बसलंय त्याला हे ऑईल पाण्यासारखं वाटणारच. त्याचा एक मुद्दा मात्र रास्त आहे: पातळ ऑईलचा रेटा आधी मायलेजसाठी आला, इंजिनाच्या भल्यासाठी नाही. पण पंप, बेअरिंगच्या फटी, व्हॉल्व्ह टायमिंगची हायड्रॉलिक यंत्रणा हे सगळं त्या जाडीला धरूनच बेतलेलं असतं, त्यामुळे ०डब्ल्यू-१६ च्या इंजिनात २०डब्ल्यू-४० ओतणं हा उपाय ठरत नाही. बेळगावच्या थंडीत पारा दहाच्या आसपास उतरतो, तेवढ्याला शून्य डब्ल्यूची गरज नाही असंही ऐकू येतं. गोठण्यापुरतं ते खरं. सकाळी चावी फिरवल्यावर वरच्या कॅमपर्यंत ऑईल किती लवकर पोचतं, हा फरक मात्र दहा अंशांनाही राहतोच.

डब्यावरच्या ‘सिंथेटिक’चा इतिहास तर जाहिरातींच्या भांडणातला आहे. आधी अर्थ होता रसायनांपासून घडवलेलं मूळ तेल. मग कच्च्या तेलालाच हायड्रोजनखाली जोरदार प्रक्रिया करून जवळपास तितकंच शुद्ध तेल निघू लागलं आणि तेही सिंथेटिक म्हणून खपू लागलं. दोन बड्या कंपन्यांचं यावरून जुंपलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या एका मंडळानं तसं म्हणायला हरकत नाही असा कौल दिला. जर्मनीत नियम कडक राहिले. बाकी जगात ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेल्या बहुतेक डब्यांत आज हेच प्रक्रिया केलेलं तेल असतं, आणि ‘सेमी’त सिंथेटिक किती याला ठरलेलं प्रमाण नाही. दुकानात सिंथेटिक मागून फार काही हाती लागत नाही. जाडी आणि दर्जाची अक्षरं बघावी लागतात.

ती अक्षरंही बदलत गेली. पेट्रोलसाठी २०१० चा एसएन, मे २०२० चा एसपी. एसपीमागचं एक मोठं कारण टर्बो पेट्रोल इंजिनं: कमी आरपीएमवर जोर मागितला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. चोर्ल्याच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ‘इंजिनाला त्रास नको’ म्हणून दाबत नेणं हे अशा इंजिनाला सर्वांत वाईट. जुन्या ‘हळू’चा उलटा परिणाम इथे दिसतो.

डिझेलवाल्यांसाठी १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर बसला. ऑईल जळून उरणारी राख या फिल्टरमधून जळून जात नाही, साचत जाते. म्हणून अशा कारला कमी राखेचं, सी२ किंवा सी३ दर्जाचं ऑईल लागतं. अथणी-चिकोडीकडच्या घरांत ट्रॅक्टर आणि डिझेल कार एकाच गोठ्याशेजारी उभ्या असतात, कोपऱ्यात १५डब्ल्यू-४० ची बादली असते. ती ट्रॅक्टरसाठी उत्तम. तीच कारमध्ये ओतली की काही महिने काहीच कळत नाही, मग फिल्टरचा दिवा लागतो, आणि नवा फिल्टर बसवायचा म्हटलं तर त्या पैशांत ट्रॅक्टरचं अख्खं इंजिन काम निघतं.