गेज आणि स्केल: एकाच रुळावरची दोन इंजिनं आणि नेहमीचा घोळ

वाफेवर खरोखर चालणारी छोटी इंजिनं बनवायचा छंद नवीन लागलेल्या कुणालाही विचारा, बाबा तुझं इंजिन कोणत्या स्केलचं, तर दहातले आठ जण सांगतील "पाच इंच". आता पाच इंच हे स्केल नाहीच, ते गेज आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथल्या क्लबात वीस-वीस वर्षं इंजिनं चालवणारी मंडळीसुद्धा बोलताना सर्रास पाच इंच स्केल म्हणून जातात, त्यांना चालतं कारण त्यांना आतलं माहितीये, पण नवीन माणूस तेच ऐकून ड्रॉइंग मागवतो, चाकांची कास्टिंग मागवतो, आणि मग वर्षभराने कळतं की जमतच नाहीये. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गेज आपल्याला नवीन नाही. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज हे शब्द आपल्याकडे आजीलाही माहीत असतात. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज, बस. छंदात चालणारी मुख्य गेजं साडेतीन इंच, पाच इंच आणि सव्वासात इंच, त्याखाली बागेत चालणारी ४५ मिमी आणि ३२ मिमी. गेज फक्त एवढंच सांगतं की तुमचं इंजिन कुठल्या रुळावर उभं राहील. स्केल सांगतं की खऱ्या इंजिनाच्या मानाने तुमचं कितीने लहान, आणि इथले जुने लोक ते "फुटाला इतके इंच" असं सांगतात, म्हणजे खऱ्या इंजिनाचा एक फूट मॉडेलमध्ये किती इंचांचा.

मग गोंधळ होतो कुठे? इंग्लंडची मेन लाइन ४ फूट साडेआठ इंचांची, तिला फुटाला १ १/१६ इंच लावला की बरोबर पाच इंच येतात, म्हणजे साधारण १:११.३. फुटाला पाऊण इंच लावला की साडेतीन, दीड इंच लावला की सातच्या किंचित वर. त्यामुळे इथे गेज म्हटलं की स्केल आपोआप कळायचं, दोन्ही एकच होऊन बसलं. पण खरी गाडी नॅरोगेजची असली की हे गणित कोसळतं.

आमच्या ट्रॅकवर रविवारी सकाळी शेजारी शेजारी दोन इंजिनं वाफ धरत असतात, दोन्ही पाच इंच गेजची. एक मेन लाइनचं टेंडर इंजिन, म्हणजे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी मागे जोडलेलं, लांब, सडपातळ, चिमणी जेमतेम वीतभर वर आलेली. दुसरं दोन फुटी नॅरोगेजचं टँक इंजिन, म्हणजे पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारं, अंगाने भरलेलं, कॅबमध्ये आख्खा हात कोपरापर्यंत जातो. बघायला आलेली मुलं हमखास विचारतात की हे जाडं इंजिन मोठ्या रुळाचं का? नाही, रूळ तोच. दोन फूट म्हणजे पाच इंच असं मांडलं की फुटाला अडीच इंच झाले, १:४.८. हे डोळ्यासमोर आणायचं असेल तर ड्रायव्हरचा पुतळा घ्या, साडेपाच फुटी माणूस पहिल्या इंजिनात १५ सेंटीमीटरचा होतो आणि दुसऱ्यात ३५ सेंटीमीटरचा. रूळ एक, गेज एक, आणि माणूस दुपटीहून मोठा!

उलटंही होतं. अमेरिकेत ईशान्येकडे सव्वासात इंच गेज चालतं आणि बाकी बहुतेक ठिकाणी साडेसात, बऱ्याच इंजिनांचं स्केल मात्र दोन्हीकडे तेच, फुटाला दीड इंच. म्हणजे स्केल सारखं, दिसायला जुळी भावंडं, पण पाव इंचाच्या फरकाने एकमेकांच्या रुळावर चालणार नाहीत. विजेवर चालणाऱ्या छोट्या मॉडेलवाल्यांचंही तेच, ब्रिटिश डबल ओ आणि बाकी जगाचं एचओ दोघं १६.५ मिमीच्या रुळावर धावतात, पण एक १:७६ आणि दुसरं १:८७.

आपल्या ब्रॉडगेजचा तर वेगळाच पेच आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी. एखाद्याला डब्ल्यूपी, म्हणजे आपलं ब्रॉडगेजचं ते प्रसिद्ध वाफेचं एक्सप्रेस इंजिन, बनवायचंय आणि तो इथल्या सवयीने १:११.३ धरून बसला तर त्याला रूळ लागेल सुमारे १४८ मिमीचा, आणि पाच इंच म्हणजे १२७. एक तर इंजिन तसंच ठेवून चाकं आत ओढायची, मग समोरून बघितलं की ते पाय जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं, नाहीतर सगळंच १:१३.२ ला उतरवायचं. मी दुसऱ्या पक्षाचा. डब्ल्यूपीचा तो रुबाब तिच्या रुंद बांध्यात आहे, तो घालवून काय बनवायचं?

आता हे सगळं नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. स्केलचा खरा परिणाम आगीवर होतो. लांबी ११.३ पटीने कमी केली की बॉयलरच्या पत्र्याचं क्षेत्रफळ कमी होतं साधारण १२८ पटीने, पण आतलं पाणी १४०० पटींहून जास्त. म्हणजे पाणी अगदीच थोडं आणि थंड व्हायला जागा मात्र त्या मानाने भरपूर. शिवाय कोळसा लहान होत नाही, राख लहान होत नाही. खऱ्या बॉयलरमध्ये आगीचा गरम धूर ज्यातून जातो ती दोन इंची नळी याच हिशोबाने साडेचार मिमीची होईल आणि थोड्याच वेळात राखेने तुंबेल, म्हणून मॉडेलमध्ये नळ्या कमी आणि त्या मानाने जाड घालतात. गेज ग्लासची, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळीची, काचही फार बारीक करून चालत नाही, बारीक नळीत पाणी आपसूक वर चढतं आणि पातळी खोटी दिसते, आणि बॉयलरच्या बाबतीत खोटी पातळी ही जिवाशी खेळण्याची गोष्ट आहे.

माझा पहिला सीझन मेन लाइन स्केलच्या इंजिनावर गेला. फायरहोल, म्हणजे भट्टीचं तोंड, इतकं लहान की कोळसा चहाच्या चमच्याएवढ्या फावड्याने टाकायचा, प्रत्येक खडा वाटाण्याएवढा. एका रविवारी मागे सहा माणसं बसलेली, चढ आला, मी घाईने एकदम चार फावडी टाकली, आग काळी पडली, वाफेच्या दाबाचा काटा ८० पौंडांवरून ४० वर आला आणि गाडी लांबच्या वळणावर उभी. ब्लोअर (चिमणीत वाफ सोडून आगीला हवा ओढणारा नळ) उघडून आग परत लाल होईपर्यंत दहा मिनिटं गेली, पोरं तेवढा वेळ शांत बसून धुराकडे बघत होती. त्यानंतर एका मित्राने त्याचं स्वीट पी चालवायला दिलं. जॅक बकलर यांचं हे डिझाइन पाच इंच गेजचंच, पण नॅरोगेज थाटाचं, त्याची भट्टी मरीन पद्धतीची म्हणजे बॉयलरच्या पोटातच गोल बसवलेली. तोंड मोठं, फावडं मोठं, पाणी जास्त. तीच चूक मी तिथेही केली असणार, पण काटा थोडा हलला आणि परत जागेवर आला. ट्रॅक तोच, रूळ तेच आणि कोळसाही त्याच पोत्यातला.

म्हणून माझं म्हणणं असं की निवडताना क्रम महत्त्वाचा. आधी गेज ठरवा, आणि ते आवडीवर ठरवू नका, तुमच्या जवळच्या क्लबात कुठला रूळ आहे त्यावर ठरवा. इथे साडेतीन आणि पाच इंच बहुतेक उंचावरच्या ट्रॅकवर असतात आणि सव्वासात जमिनीवर, शिवाय सव्वासातचं इंजिन न्यायला बऱ्याचदा ट्रेलर लागतो. मग स्केल, आणि पहिलंच इंजिन असेल तर नॅरोगेज घ्या, मेन लाइनची ऐट नंतर करता येते. तोटा एकच, वजन. मोठ्या स्केलचं इंजिन गाडीच्या डिकीत चढवायला दोन माणसं लागतात, तीही पाठ धड असलेली. बॉयलरला मात्र गेजची किंवा स्केलची कसलीच सूट नाही, नवीन तांब्याचा बॉयलर इथे कामाच्या दाबाच्या दुप्पट पाण्याच्या दाबाने तपासल्याशिवाय कोणताही क्लब आत घेत नाही आणि ते योग्यच आहे.

आणि जुनं सामान घेताना विकणाऱ्याला दोन्ही आकडे विचारा. मी एकदा "दोन इंच स्केल" वाचून बफर आणि कपलिंग मागवली, मनात धरलं होतं पाच इंच गेजचं माझं इंजिन, आली ती माझ्या बफर बीमला (बफर बसतात त्या आडव्या पट्टीला) लागणाऱ्या मापाच्या जवळपास दुप्पट. विकणारा खोटं बोलला नव्हता, त्याने स्केल सांगितलं आणि मी गेज ऐकलं.

सध्या टेबलावर माथेरानचं इंजिन आहे, १९०७ ला सुरू झालेल्या नेरळ-माथेरान लाइनचं, ओरेनस्टाइन अँड कोपेलने बनवलेलं सहा चाकी टँक. ६१० मिमीचा रूळ, म्हणजे पाच इंचावर बरोबर १:४.८. या इंजिनाचे पुढचे-मागचे आस घाटातल्या आवळ वळणांसाठी क्लीन-लिंडनर पद्धतीचे आहेत, पोकळ आस आणि आत दुसरा दांडा, त्यामुळे चाकं वळणावर थोडी सरकतात. या स्केलला तो पोकळ आस लेथवर करता येण्याइतका मोठा होतो, १:११.३ ला मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. फ्रेमच्या दोन्ही प्लेटी कापून झाल्यात, पहिला आस पुढच्या महिन्यात.