इंग्लंडमधील क्लब क्रिकेट आणि स्थलांतरित भारतीय : पार्श्वभूमी

नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेला पुण्या-मुंबईचा तरुण एप्रिल लागला की जवळपासच्या क्लबची चौकशी करतो, वर्षाची वर्गणी भरतो आणि शनिवारी दुपारी तिसऱ्या किंवा चौथ्या संघातून लीगचा सामना खेळू लागतो. आज हे इतके सहज घडते की, या मैदानांवर खेळायला मिळणे आणि त्या क्लबचे सभासद मानले जाणे या दोन गोष्टी भारतीयांना वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कष्टाने मिळाल्या, हे सहसा लक्षात येत नाही.

मुंबईच्या पारशी खेळाडूंनी १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले. पहिल्या दौऱ्यात त्यांना एकच सामना जिंकता आला, दुसऱ्यात आठ. १९११ मध्ये अखिल भारतीय संघ गेला, तेव्हा डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू यांनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात मैदानाची निगा राखण्याचे काम करता करता युरोपियन फलंदाजांना गोलंदाजी टाकून ते घडले होते. त्याच पुण्यात हिंदू क्लबचे सहखेळाडू त्यांना चहा देत, पण ते दलित असल्याने तो मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मैदानावर हवा असलेला माणूस चहाच्या वेळी नको असणे हा प्रकार आपल्याकडचाच आहे, आणि पुढे इंग्लंडमधल्या भेदभावाबद्दल लिहिताना तो विसरता येत नाही. इंग्लंडमध्येही तेव्हा पैसे घेऊन खेळणारा आणि हौशी खेळाडू यांच्यासाठी कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत. ही अधिकृत विभागणी १९६२ पर्यंत टिकली.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयांनी स्वतःचे मैदान उभे केले ते इंडियन जिमखाना क्लबच्या रूपाने. १९१६ मध्ये स्थापन झालेला हा क्लब पश्चिम लंडनमधील ऑस्टर्ली येथे आजही खेळतो.

उत्तर इंग्लंडमधला मार्ग अगदी वेगळा होता. लँकेशायर लीगची सुरुवात १८९२ मधली. कापडगिरण्यांच्या छोट्या गावांचे हे क्लब, आणि प्रत्येक संघात एक पगारी व्यावसायिक व बाकीचे दहा स्थानिक हौशी खेळाडू, अशी त्यांची रीत. या एका जागेसाठी क्लब जगभरातून खेळाडू आणत. अमरसिंग कोल्नकडून, लाला अमरनाथ नेल्सनकडून, विजय हजारे रॉटनस्टॉलकडून आणि मुंबईचे सुभाष गुप्ते रिशटनकडून खेळले. अर्धशतक झाले की प्रेक्षकांत टोपी फिरवून खेळाडूसाठी पैसे गोळा केले जात. ही नोकरी किती मोलाची होती, हे १९५२ मध्ये दिसले. इंग्लंड दौऱ्यावरील भारतीय संघात जागेची हमी न मिळाल्याने विनू मांकड यांनी हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला होता. लीड्सची कसोटी हरल्यानंतर क्लबकडून त्यांना मोकळे करून घ्यावे लागले, आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या, शिवाय इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. तरीही हे सारे त्या गावांचे पाहुणेच होते. हंगाम संपला की ते परतत.

१९५० आणि १९६० च्या दशकांत उपखंडातून कामगार आले आणि १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले गुजराती लेस्टरसारख्या शहरांत स्थिरावले, तेव्हा प्रश्न बदलला. हे लोक राहायला आले होते. गिरणीतल्या पाळ्या सांभाळून ते नगरपालिकेच्या उद्यानांतल्या खडबडीत खेळपट्ट्यांवर रविवारी खेळत. जुन्या क्लबांमध्ये प्रवेश बहुधा ओळखीने होई आणि सामन्यानंतरचा सगळा व्यवहार बारभोवती फिरे. मद्य न घेणाऱ्याला तिथे आपोआप परकेपणा येई. यातूनच आशियाई खेळाडूंचे स्वतंत्र संघ आणि लीग उभ्या राहिल्या, जसे यॉर्कशायरमधील कायदे-आझम संडे लीग १९८० मध्ये. या लीगवर वेगळे राहण्याचा आरोप नेहमी होतो. माझ्या मते तो अन्यायकारक आहे, कारण जो मुळात आत घेतला गेला नाही, त्याने आपले अंगण आखले तर दोष त्याचा नाही. त्याच यॉर्कशायरच्या कौंटी (म्हणजे जिल्ह्याच्या व्यावसायिक) संघाने यॉर्कशायरबाहेर जन्मलेल्या खेळाडूंना न घेण्याचा दंडक १९९२ पर्यंत पाळला, आणि तो बाजूला ठेवल्यावर संघाकडून प्रत्यक्ष खेळलेला पहिला परदेशी खेळाडू होता सचिन तेंडुलकर.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने २०१८ मध्ये दक्षिण आशियाई समाजासाठी स्वतंत्र कृती आराखडा काढला, तेव्हा हौशी खेळाडूंपैकी जवळपास एक तृतीयांश या समाजातले असूनही कौंटीच्या पातळीवर त्यांचे प्रमाण फारच कमी असल्याची दखल त्यात होती. जून २०२३ मध्ये मंडळानेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने या खेळात वंशभेद, लिंगभेद आणि वर्गभेद खोलवर रुजल्याचा निष्कर्ष काढला आणि मंडळाने जाहीर माफी मागितली.

गेल्या पंचवीस वर्षांत आलेला संगणक क्षेत्रातला किंवा रुग्णालयात काम करणारा भारतीय या इतिहासाच्या पुढच्या टप्प्यावर उभा आहे. अनेक क्लबांना खालच्या संघांसाठी अकरा माणसे जमवणे कठीण जाते, त्यामुळे त्याचे स्वागत होते. खालच्या श्रेणीत बहुधा तटस्थ पंच नसतात. फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे पांढरा कोट घालून उभे राहतात, गुण लिहिणे आणि कव्हर ओढणेही आळीपाळीने येते. चहाच्या टेबलावर सँडविचशेजारी समोसे आता अनेक ठिकाणी दिसतात. मात्र क्लबची समिती, खेळपट्टीचे वेळापत्रक आणि पुढच्या वर्षीचा कर्णधार यांचे निर्णय हिवाळ्यातल्या वार्षिक सभेत होतात, आणि त्या सभेला जाणारे भारतीय सभासद अजून थोडे आहेत.