वागणं बदलतं तेव्हा आणि अर्थ हरवतो तेव्हा

झेब्र्याचं चित्र समोर धरलं की एक रुग्ण म्हणतो, "घोडा." काही महिन्यांनी तेच चित्र बघून नुसतं "प्राणी" म्हणतो. आपण 'झेब्रा' हा शब्द सांगितला, तर शांतपणे विचारतो, "झेब्रा म्हणजे काय?" दुसरा रुग्ण झेब्रा क्षणात ओळखतो, पण शेजारी बसलेली बायको रडायला लागली तरी टीव्हीवरची नजर हलवत नाही.

दोघांनाही फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच, म्हणजे मेंदूचा पुढचा (फ्रंटल) आणि कानाजवळचा (टेम्पोरल) भाग हळूहळू झिजवणारा आजार, झालेला असतो. पहिल्याचा प्रकार सिमँटिक, म्हणजे अर्थाचा; दुसऱ्याचा बिहेवियरल, म्हणजे वागण्याचा. दोन्ही बऱ्याचदा पासष्टीच्या आत सुरू होतात आणि दोन्हींत घरचे म्हणतात, "हे पहिल्यासारखे राहिले नाहीत." मेंदूचा कुठला भाग आक्रसला एवढंच बघून भागत नाही. त्या भागाचं कोणाकोणाशी दळणवळण होतं, हे पाहिलं की फरक नीट कळतो.

बिहेवियरल प्रकारात पहिला घाव बसतो तो सेलियन्स नेटवर्क या मेंदूतल्या जाळ्यावर. इन्सुलाचा पुढचा भाग आणि अँटिरियर सिंग्युलेट हे मेंदूतले दोन भाग ही त्याची मुख्य ठाणी. छातीतली धडधड, समोरच्याचा पडलेला चेहरा, आवाजातला कंप, यातलं आत्ता महत्त्वाचं काय हे हे जाळं ठरवतं. याच भागांत फॉन इकॉनोमो नावाच्या लांबट चेतापेशी असतात आणि या आजारात त्या लवकर मरतात, असं 2006 मध्ये दिसून आलं. मग 2010 मध्ये, रुग्ण स्वस्थ पडून असताना काढलेल्या एफएमआरआयमधून (मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी मिळून काम करतात हे दाखवणाऱ्या स्कॅनमधून) एक विलक्षण गोष्ट समोर आली: सेलियन्स नेटवर्कमधले धागे सैल पडलेले, तर आठवणींशी जोडलेल्या डिफॉल्ट मोड नेटवर्क या दुसऱ्या जाळ्यातले उलट घट्ट झालेले. अल्झायमरमध्ये चित्र याच्या नेमकं उलटं. म्हणूनच बिहेवियरल रुग्णाला सुरुवातीला रस्ते आठवतात, कालचं बोलणं आठवतं. बायको रडते आहे हे त्याला दिसतं, पण मनाला लागत नाही. घरच्यांनी याला निर्दयपणा समजू नये असं मला फार वाटतं, कारण ज्या यंत्रणेतून माया आतून जाणवते तीच इथे तुटलेली असते.

सिमँटिक प्रकारात बिघाड असतो टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाला, बहुधा डावीकडे. वस्तूचा आकार, आवाज, स्पर्श, उपयोग ही माहिती मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असते आणि ती या टोकाशी येऊन एकत्र होते, असं मानलं जातं. हे जंक्शन मोडलं की सगळ्या वाटा एकदम पोरक्या होतात. म्हणून रुग्ण अस्खलित बोलतो, व्याकरणही चुकत नाही, पण शब्दामागची वस्तूच उरत नाही. आपल्याला एखादं नाव आठवत नसलं तर पहिलं अक्षर सांगितल्यावर ते सुचतं. इथे पूर्ण शब्द सांगूनही उपयोग होत नाही.

मग या दोन प्रकारांत गोंधळ का होतो? टेम्पोरल टोक आणि डोळ्यांच्या वरचा फ्रंटल भाग यांना अनसिनेट फॅसिक्युलस नावाचा तंतूंचा जुडगा जोडतो आणि तो दोन्ही प्रकारांत झिजतो. त्यामुळे सिमँटिक रुग्णही पुढे हट्टी, तऱ्हेवाईक होत जातो. बिघाड उजव्या टोकापासून सुरू झाला तर ओळखीचे चेहरे अनोळखी होतात, सहानुभूती आटते, आणि अनुभवी डॉक्टरही बिहेवियरल प्रकाराकडे झुकू शकतो.

दळणवळणाचे हे नकाशे अनेक रुग्णांची सरासरी काढून बनलेले आहेत. एकट्या माणसाचा एफएमआरआय बघून निदान करायची वेळ अजून आलेली नाही. साध्या एमआरआयवर सिमँटिक प्रकारातली टेम्पोरल टोकाची झीज बहुधा लवकर आणि ठळक दिसते. बिहेवियरल प्रकारात मात्र सुरुवातीचा एमआरआय चक्क नॉर्मल येऊ शकतो, आणि तेवढ्यावर "काही नाही, मानसिक आहे" म्हणून रुग्णाला परत पाठवलं जातं. अशा वेळी घरच्यांचं सांगणं सोन्यासारखं असतं: आधी काय गेलं, शब्दांचे अर्थ की माणसांची पर्वा, आणि साधारण कोणत्या महिन्यापासून.