नाजूक बोटं, घरचं काम आणि कायदा

सांगली-विट्याकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज: ‘काजबटण, टिकल्या, धागे कापणं ही नाजूक कामं लहान बोटांनाच जमतात आणि घरी केली तर कायद्याची आडकाठी नाही.’

वाचताना पटतं. लहानपणी घरात हातभार कुणी लावला नाही?

आधी बोटांचं. बाजारपेठेतल्या जुन्या शिंप्याकडे जा आणि हातकाज कोण करतं ते पाहा. सुईच्या एकसारख्या टाक्यांना सराव लागतो, तो दहा वर्षांच्या पोराकडे कुठून येणार? पोरं कामाला बसतात ती नगावर मिळणारी मजुरी मोठ्यांना पुरत नाही म्हणून, आणि पोर भाव करत नाही म्हणूनही.

आता ‘घरी चालतं’ हे. अर्धं खरं आहे, म्हणूनच टिकलंय. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालच्यांना सगळीकडेच कामाला बंदी आली. सूट आहे ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, घरच्या बिनधोक कामात मदतीपुरती. २०१७ च्या नियमांनी ती आणखी आवळली: संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, आणि ज्यातून मुलाला किंवा घराला कमाई होते ते उत्पादनसाखळीतलं काम या सवलतीत बसत नाही. ठेकेदाराने गठ्ठ्याने आणून टाकलेले शर्ट म्हणजे नेमकं तेच.

पडताळायचं तर कायद्याचं कलम ३ आणि नियम २-ख वाचा, सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात. शेजारी असं काही दिसलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.